सुट्टीतला डावा पाय

आमच्या शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ एकच हंगाम टिकला. मुखेडसारख्या गावात मुलींचा संघ निघाला हेच पुष्कळ. त्यातल्या बहुतेक जणी दहावीच्या होत्या, म्हणजे परीक्षा झाली की संघही संपणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मी आठवीत होते आणि मला वाटायचं की माझ्यासाठी काहीतरी वेगळं होईल. का वाटायचं, ते विचारू नका. तेव्हा मला स्वतःबद्दल सगळंच चांगलं वाटायचं.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या सामन्यांसाठी नांदेडला गेलो. पहिला सामना जिंकलो, त्यातले दोन गोल माझे. दुसऱ्यात सडकून मार खाल्ला. सामना संपल्यावर कडेला उभ्या असलेल्या एका टोपीवाल्या सरांनी मला बोटानं बोलावलं. ते लातूरचे प्रशिक्षक होते. तिथं मुलींचं एक क्रीडा वसतिगृह होतं, तिथल्या मुलींना ते शिकवायचे. मी घाम पुसत, केस नीट करत गेले. कौतुक ऐकायला जाताना माणूस जसा जातो तशी.

"पळतेस छान," ते म्हणाले. "पण तुला पाय एकच आहे. जूनमध्ये आमच्याकडं निवड असते. तोवर दुसरा उगवला तर ये."

परतीच्या एसटीत मी धुमसत होते. माझा राग नाकावर असतो असं आई म्हणते. त्या दिवशी तो सगळ्या चेहऱ्यावर होता. आमच्या गोलकीपरच्या फोनवर सामन्याचं चित्रण होतं. त्या सरांना खोटं पाडायचं म्हणून मी ते मागून घेतलं आणि खिडकीशी बसून पाहिलं. बॉल डावीकडं आला की मी प्रत्येक वेळी त्याला वळसा घालत होते, रस्त्यातलं डबकं चुकवावं तशी, आणि उजवा पाय त्याच्यापाशी पोचेपर्यंत समोरची मुलगी येऊन बॉल घेऊन गेलेली असायची. दुसऱ्या सामन्यातली ती उंच पोरगी तर नुसती माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली होती. तिला दुसरं काही करावंच लागलं नाही.

मी फोन परत दिला आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

आमच्या शाळेचे सर तरुण होते, मनात आलेलं सरळ बोलायचे. त्या वर्षी वार्षिक परीक्षा मार्चच्या सुरुवातीलाच उरकली, तेव्हा त्यांनी मला क्रीडासाहित्याच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी अकरा मुली जमणार न्हाईत. मी लई हिंडलो, लोकांच्या घरी गेलो. तुला खेळायचं असंल तर लातूरच. तिथं झालं न्हाई तर इथं एकटीनं बॉल खेळत बसावं लागंल." मग त्यांनी मला शाळेचा एक बॉल दिला. तो बरा होता, एक टाका उसवलेला. सोबत त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेला एक कागद. दोरीच्या उड्या, पळणं, बैठका. आणि तळाला दोनदा अधोरेखित केलेलं: भिंतीवर डाव्या पायाने रोज दोनशे.

"बॉल जूनमध्ये परत पाहिजे," ते म्हणाले. "फाटला तर कातडं तरी आण."

भिंत कुठून आणायची हा पहिला प्रश्न. आमच्या वस्तीत कुणी आपल्या भिंतीवर बॉल मारू देत नव्हतं, आणि बरोबरच होतं त्यांचं. शेवटी मला आठवडी बाजाराचं मैदान सापडलं. बाजार आठवड्यातून एक दिवस. बाकीचे सहा दिवस तिथले ओटे रिकामे पडलेले असत, गुडघाभर उंचीचे, रांगेनं, कडा झिजलेल्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कांद्याच्या साली आणि चिरडलेली टमाटी बाजूला सारावी लागत, इतर दिवशी फक्त कुत्र्यांना. मी सहाला जायची आणि आठ वाजता ऊन चटकायला लागलं की परतायची.

पहिल्या दिवशी दोनशेपैकी वीसेक पास माझ्याकडं परत आले असतील. बाकी कुठंही. डाव्या पायानं मारलेला बॉल ओट्याच्या वरून जायचा, दोन ओट्यांच्या मधून जायचा, एकदा तर मागच्या मागं गेला, तो कसा गेला हे मला आजही सांगता येणार नाही. मी आणखी जोरानं मारायला लागले. एक आठवडा गेला, दोन गेले, आकडा वीसवरून तीसवर आला आणि तिथंच बसला. एके दिवशी वैतागून मी ओट्यालाच लाथ घातली, उजव्या पायानं. अंगठ्याचं नख काळं पडलं. तेवढा एकच फटका नेमका बसला होता.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. संध्याकाळी माझं नख बघून ते म्हणाले, "तुझा बाप डाव्या पायानं दिवसभर क्लच दाबतो. सगळं घर डाव्या पायावर चालून राहिलंय. आन् तुला बॉल मारता येईना?" आई हसली. मी ताट सारून उठले. मला तेव्हा थट्टा कळायची, पण सोसायची नाही.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. वडिलांची ही थोरली बहीण, आमच्याच गल्लीत राहणारी, अंगणवाडीत काम करणारी. अंगानं भरलेली, चालताना दम लागणारी. पण दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीतल्या बायकांचं लेझीम पथक तीच बसवायची. मार्च संपला की रोज संध्याकाळी विहारापुढच्या अंगणात सराव सुरू व्हायचा. एक काका हलगी वाजवायचे आणि वीस बायका दोन रांगांत, पदर खोचून. लेझीम हातात आली की आत्याचा दम कुठं जायचा कोण जाणे.

त्या वर्षी रांगेतल्या एकीचा पाय मुरगळला. आत्या थेट आमच्या घरी आली आणि मला म्हणाली, "ऊठ. एक जागा रिकामी हाय."

"मला सराव आहे माझा."

"हाव, म्हाईत हाय तुझा सराव. ओट्याला लाथा मारायचा. ऊठ."

आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी गेले, पण तोंड वाकडं करून गेले. माझ्या मनात हिशेब सरळ होता: लातूरची निवड दोन महिन्यांवर, डावा पाय लाकडाचा, आणि मी इथं बायकांत लेझीम खेळत बसणार.

आत्याचा एक जुना डाव होता, चार मोजण्यांचा. एकला डावा पाय पुढं, दोनला वाकून लेझीम जमिनीकडं, तीनला डावा पाय उचलून उजव्यावर थांबायचं, चारला तो टेकवायचा. दिसायला सोपा. पण तीनला सगळी रांग क्षणभर एका पायावर थांबलेली असायची, लेझमी डोक्यावर, आणि हलगीही तिथं जराशी थांबायची. त्या शांततेत एकच लेझीम खुळखुळायची. माझी.

"कोन घाई करून राहिलं तिकडं?" आत्या ओरडायची, कोण ते पक्कं माहीत असून.

तीन दिवस हेच. मला वाटलं, हलगीच उशिरा वाजते. तसं मी बोललेही. काकांनी हलगी खाली ठेवली आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्यांचं उभं आयुष्य त्या हलगीवर गेलं होतं. आत्यानं बायकांना पाणी प्यायला पाठवलं आणि मला अंगणाच्या मधोमध उभं केलं.

"डावा उचल."

मी उचलला. काकांनी वाजवायला सुरुवात केली. चौथ्या ठोक्याला मी डगमगले आणि पाय टेकला.

"पुन्हा."

पुन्हा टेकला. मी चिडून म्हणाले, "माझा डावा पायच खराब आहे. सगळेच सांगतात."

आत्या माझ्यासमोर खाली बसली, हाशहुश करत, आणि तिनं माझी उजवी पोटरी हातानं धरली. म्हणाली, "डाव्याला कायला शिव्या देतीस? त्यो उचलून राहिलाय बिचारा. तुझा हा उजवाच उभा राहत न्हाई. बघ कसा थरथरतोय. ह्याला उगं मारायचं म्हाईत, उभारायचं म्हाईत न्हाई. गुडघा जरा वाकव. टाच दाब. आता उचल."

मी गुडघा वाकवला, टाच दाबली आणि डावा उचलला. हलगी वाजत राहिली. चार झाले, आठ झाले. मी उभी होते.

तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण मी तिथंच लेझीम हातात धरून थिजले. डाव्या पायानं बॉल मारायचा तर सगळा भार उजव्यावर येतो. माझ्या उजव्या पायानं जन्मात कधी भार घेतला नव्हता, त्यानं फक्त कौतुक घेतलं होतं. तो उभाच राहत नव्हता म्हणून डावा घाबरत होता, आणि मी महिनाभर डाव्याला झोडपत होते. मला इतकं हसू आलं की आत्यानं मला वेड लागलं का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यांवर गेले आणि बॉलला जोर लावलाच नाही. उजवा पाय बॉलशेजारी ठेवायचा, गुडघा वाकवायचा, टाच दाबायची, मनात आत्याचे तीन मोजायचे आणि मग डावा नुसता सोडायचा. पहिला बॉल ओट्याला लागून परत माझ्या पायाशी आला. दुसराही आला. मग पाच-सहा कुठंतरी गेले, पण आता ते का गेले हे मला कळत होतं. त्या सकाळी सत्तर परत आले. मी घरी पळत आले आणि आईला मिठी मारली. तिचे हात पिठाचे होते, तिनं मला कोपरानं ढकललं.

जयंतीच्या दिवशी आम्ही पांढऱ्या साड्या नेसलो, निळ्या काठांच्या. माझी आईची होती, जागोजागी पिना लावलेली. मुखेडच्या मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली, दोन्हीकडं माणसं, वर निळ्या पताका. आत्या पुढं, शिट्टी तोंडात. त्या जुन्या डावाची वेळ आली. तीनला आम्ही सगळ्या थांबलो आणि रस्ताभर एकाही लेझमीचा आवाज आला नाही. मी फार आनंदात होते. गोल केल्यावर व्हायचा तसा आनंद नव्हता तो. एकोणीस जणींबरोबर गप्प राहण्याचा आनंद मला तोवर माहीतच नव्हता.

मिरवणुकीनंतर डोक्यात हवा गेली. दोनशेचे मी चारशे केले. मे लागला होता, उन्हाचं म्हणाल तर सकाळी नऊलाच रस्त्यावर कुणी दिसायचं नाही. एकदा सकाळी मैदानात लग्नाचा मांडव होता, म्हणून तो निघाल्यावर मी दुपारी तीनला गेले. व्हायचं तेच झालं. ऊन लागलं, उलट्या झाल्या, ताप चढला. आईनं तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं आणि बॉल लोखंडी पेटीत घालून किल्ली कमरेला लावली. "आठ दिवस बॉलचं नाव काढायचं न्हाई," ती म्हणाली. "काढलंस तर जून संपल्यावरच मिळंल."

मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. आईवर काही परिणाम झाला नाही. मग ताप उतरल्यावर मी माझ्यापुरता मार्ग काढला. बॉलचं नाव काढायचं नव्हतं. उभं राहायला कुणी बंदी केली नव्हती. मी दात घासताना एका पायावर उभी राहू लागले. नळावर घागर भरेपर्यंत एका पायावर. भांडी विसळताना, केस विंचरताना, टीव्ही बघताना. वडील मला बगळा म्हणायला लागले. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "पोरीनं नवस बोललाय का काय?" आई म्हणाली, "न्हाई हो, आमच्यात कुठला नवस. तिला बस मिळंना, म्हणून उभी हाय."

आठव्या दिवशी आईनं स्वतःच पेटी उघडली. बॉलमधली हवा गेली होती. सायकलच्या दुकानात पिन लावून हवा भरून घेतली आणि ओट्यांवर गेले. शंभरातले नव्वद परत आले. मी दोनदा मोजले, कारण मला माझीच खात्री वाटेना. मी आठ दिवस बॉलला हात लावला नव्हता, पाय लावला नव्हता, आणि खेळ सुधारला होता. सराव म्हणजे नुसतं दामटणं नव्हे हे त्या सकाळी मला कळलं, तेही आईच्या किल्लीमुळं. तिला मात्र मी हे बरीच वर्षं सांगितलं नाही.

जूनमध्ये वडिलांनी रजा काढली आणि आम्ही पहाटेच्या गाडीनं लातूरला निघालो. आमच्या सरांनी माझं नाव कळवल्यावर वसतिगृहाचं पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं की निवड झालेल्या मुलींना त्याच दिवसापासून ठेवून घेतील, कपडे आणि अंथरूण सोबत आणावं. फाटकापाशी पोचलो तेव्हा प्रत्येक पोरीजवळ काही ना काही होतं: पत्र्याची पेटी, वळकटी, शाळेचं दप्तर फुगवलेलं. माझ्याजवळ बुटांची पिशवी आणि पाण्याची बाटली.

"माझे कपडे?" मी विचारलं.

"राहिलं बघ गडबडीत," वडील दुसरीकडं बघत म्हणाले. "तू खेळ आधी."

मला राग आला, पण वेळ नव्हता. पाठीवर तेवीस नंबरचं फडकं बांधून मी मैदानात गेले. टोपीवाले सर तिथंच होते. सहा महिने मी मनातल्या मनात या माणसाशी भांडत होते, आंघोळ करताना, झोपताना, ओट्यांवर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कुठली गं तू?" त्यांना मी आठवतसुद्धा नव्हते. भांडणाची एवढी तयारी फुकट गेली म्हणून मला वाईटच वाटलं.

आधी पळणं, मग पास, मग सामना. संघ पाडताना सरांनी विचारलं, "डावीकडून कोण खेळणार?" कुणाचाच हात वर होईना. सगळ्यांना पुढं, मध्ये, उजवीकडं खेळायचं होतं. मी हात वर केला. तो खाली घ्यावा असं वाटेपर्यंत सरांनी मला तिकडं पाठवलंही होतं.

पहिला बॉल आला तो मी सरळ बाहेर घालवला. दुसऱ्याला वळसा घालायला निघाले, जुनी सवय, आणि बॉल गेला. मी कडेला वडिलांकडं पाहिलं. ते भिंतीशी उकिडवे बसले होते, मान खाली, पायाजवळच्या मातीत काडीनं रेघा ओढत. ते बघतच नाहीत असं वाटून मी आणखी चिडले. आणि चिडले की मी घाई करते, हे आता मला माहीत होतं. मी गुडघ्यांवर हात ठेवले आणि आत्याचे तीन मोजले.

त्यानंतरचा खेळ मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. एक पास बरोबर गेला. मग आणखी एक. समोरच्या मुलीनं माझी उजवी बाजू धरली आणि मी डावीकडून निघाले. ती गोंधळून थांबली ते मला स्पष्ट दिसलं. कडेच्या रेघेपर्यंत गेले, उजवा रोवला, डावा सोडला. बॉल हवेतून गोलसमोर गेला. तिथं एक ठेंगणी पोरगी उभी होती, नाव माहीत नाही, बोलणंही झालं नव्हतं. तिनं तो डोक्यानं आत घातला आणि धावत माझ्याकडं आली. आम्ही एकमेकींना असं धरलं, जणू लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

दुपारी सरांनी कागद हातात घेऊन नंबर वाचायला सुरुवात केली. चार. सात. अकरा. अठरा. मग ते खोकले. तो खोकला फार लांबला. मग म्हणाले, "तेवीस."

मी वडिलांकडं पळत गेले. ते उठून उभे राहिले होते, हातातली काडी तशीच. म्हणाले, "झालं?"

"झालं. आजपासून राहायचंय. आणि माझ्याजवळ एक कपडा नाही. आई असं कसं विसरली?"

वडिलांनी काडी टाकली. हात झटकले. "आई विसरली न्हाई. तिनं परवाच पिशवी भरून ठेवली होती. मी म्हणलं, राहू दे. मला वाटलं, तुझं होनार न्हाई. भरलेली पिशवी घेऊन पोरीला परत यायला लावायचं, गाडीत सगळी बघनार. मला ते बघवलं नसतं."

तोवर ते माझी थट्टा करतात एवढंच मला माहीत होतं. माझ्यासाठी ते घाबरतातही, हे कधी मनात आलं नव्हतं. मला संतापायचं होतं, आणि खरं सांगते, जरा संतापलेही. पण त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि पहाटेपासून त्या माणसानं चहासुद्धा घेतला नव्हता.

"मी जातो, आता गाडी हाय," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं पिशवी आणून देतो."

ते फाटकापर्यंत गेले. मी मागून हाक मारली.

"पप्पा, ती पिशवी नको. मोठी पेटी आणा."